माडाचा वैरी, बरणीतला पाहुणा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाऊ लागले, की वाटेत पापनाशम नावाचे गाव लागते. तामिळनाडूत या नावाची दोन स्थळे प्रसिद्ध आहेत. एक तिरुनेलवेलीकडचे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. आणि दुसरे हे, कावेरीच्या खोऱ्यातले. येथे एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आहे. राक्षसवधाचे पाप फेडण्यासाठी श्रीरामचंद्रांनी येथे शिवपूजन केले, अशी स्थळकथा सांगतात. गावाभोवती भाताची खाचरे, केळीचे मळे आणि बांधाबांधांवर, परसापरसांतून उभे असलेले माड. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. कारण सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले, आणि त्यांच्या वंशजांची परंपरा तेथे १८५५ पर्यंत नांदली. त्यांपैकी दुसरे सरफोजीराजे मोठे विद्याव्यासंगी. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीस आणले, एवढेच नव्हे, तर आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची व वनस्पतींची चित्रेही काढून घेतली. सृष्टीकडे डोळसपणे पाहण्याची ती परंपरा आठवून, त्याच प्रदेशातील प्रत्येक माडकऱ्याच्या ओळखीच्या एका प्राण्याची गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे.

हा प्राणी म्हणजे गेंड्या भुंगा. तमिळ भाषेतही त्याला गेंड्याचा भुंगा अशाच अर्थाचे नाव आहे. आणि लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली त्याचे शास्त्रीय बारसे केले, तेव्हा त्यालाही गेंडाच आठवला. आज शास्त्रज्ञ त्याला ‘ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस’ म्हणतात. त्यातील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘खणणारा’. एक नाव त्याच्या रूपाचे आणि दुसरे त्याच्या उद्योगाचे, असा हा यथार्थ योग जुळून आला आहे.

रूप पाहा. लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी. रंग काळा किंवा गर्द तपकिरी, आणि त्यावर घोटीव लाकडाची चकाकी. डोक्यावर मागे वळलेले एक शिंग. नराचे शिंग बहुधा लांब, मादीचे आखूड. परंतु केवळ शिंगावरून निवाडा करू नये. कारण अळीपणी ज्याची उपासमार झाली, त्या नराचे शिंगही आखूडच राहते. खात्रीची खूण शरीराच्या मागच्या टोकाशी असते. मादीच्या त्या भागावर तांबूस केसांचा दाट झुबका असतो. नराचा तो भाग गुळगुळीत असतो. पाठीवरची दोन कठीण कवचे म्हणजे वस्तुतः पुढचे पंखच होत. उडण्याचे काम त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख करतात. दिवसा हा प्राणी दडून असतो आणि अंधार पडला, की घूं घूं आवाज करीत निघतो.

मुलांच्या मनात दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, हा चावतो काय? त्याला नांगी नाही, विष नाही. मात्र त्याच्या पायांवर काटे असतात आणि पकड घट्ट असते, म्हणून त्याला हातावरून ओढून काढू नये. त्याच्यापुढे काटकी धरावी, म्हणजे तो आपण होऊन तिच्यावर चढतो. दुसरा प्रश्न त्याच्या बळाचा. आपल्या वजनाच्या आठशे-साडेआठशे पट ओझे तो उचलतो, असे पुष्कळ पुस्तकांतून छापलेले आढळते. १९९६ साली एका अमेरिकन संशोधकाने गेंड्या भुंग्यांच्या एका जातीवर खरोखरीच ओझी लादून पाहिली. वजनाच्या तीसपट ओझे घेऊन तो भुंगा बराच वेळ चालू शकला, आणि शंभरपटीच्या आसपास त्याची सीमा आली. साडेआठशेची कथा सोडून द्यावी लागली खरी. परंतु शंभरपट हेही थोडे नव्हे. पन्नास किलो वजनाच्या मनुष्याने पाच टन ओझे पाठीवर घ्यावे, तसाच हा प्रकार.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील हर्क्युलस भुंगा शिंगासकट सतरा सेंटीमीटरांपर्यंत वाढतो. जपानात शिंगाळ्या भुंग्याची एक जात मुलांची इतकी लाडकी आहे, की उन्हाळ्यात दुकानांतून ती विकत मिळते आणि तिच्यासाठी फळांच्या स्वादाचे तयार खाद्यही मिळते. आपला गेंड्या भुंगा या राक्षसी भाऊबंदांच्या मानाने लहान. पण त्यांच्या संसाराची रीत तीच आहे. म्हणून ती रीत समजून घेण्यासाठी परदेशी भुंगा मागविण्याची मुळीच गरज नाही. शिवाय असे जिवंत कीटक सरकारी परवान्यावाचून देशात आणताही येत नाहीत. आणि ते योग्यच आहे, हे पुढे दिसून येईल.

उकिरड्यातील बालपण

मादी आपली अंडी माडावर घालीत नाही, ही पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. शेणखताचा खड्डा, पालापाचोळ्याचा ढीग, कुजलेले माडाचे खोड अशा ठिकाणी ती वीतभर आत शिरते आणि एकेक अंडे सुटे ठेवते. आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालणारी मादी ही काही नवलाची गोष्ट नव्हे. अंडे पांढरे, ज्वारीच्या दाण्याएवढे. आठ ते बारा दिवसांत, थंडी असल्यास काहीशा उशिराने, त्यातून अळी बाहेर पडते.

अळी पांढुरकी, तपकिरी डोक्याची आणि नेहमी अर्धचंद्रासारखी वळलेली. ती दोन वेळा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेत मोठ्या भुकेने वाढते. पूर्ण वाढलेली अळी सहा ते दहा सेंटीमीटर भरते. तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपक्यांची रांग दिसते. ती तिची श्वासरंध्रे. कुजके लाकूड व शेण हे तिचे अन्न. लाकडातील तंतू तुम्हांआम्हांस पचत नाहीत. अळीच्या आतड्याचा मागील भाग मात्र फुगीर असतो आणि तेथे वास्तव्य करणारे सूक्ष्म जंतू ते तंतू फोडून देतात. गाईच्या पोटात जे चालते, त्याचीच ही छोटी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

येथे शेतकरी वाचकांची एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. शेणखत उपसताना अशी गलेलठ्ठ अळी दिसली, की ‘हुमणी’ म्हणून तिची बोळवण होते. हुमणी हीही एका भुंग्याचीच अळी आणि नात्याने जवळचीच. पण ती जिवंत पिकांची मुळे कुरतडते. गेंड्या भुंग्याची अळी कुजलेल्या पदार्थांवरच जगते, आणि खत बारीक करण्याचे कामही करते. मात्र तीच पुढे कोण होणार आहे, याचा विसर पडू देऊ नये.

तीन ते सहा महिन्यांनी अळी खाणे सोडते, खोल जाते आणि अंगाभोवतीची माती दाबून अंड्याच्या आकाराची एक कोठडी करते. रेशमाचा कोश ती विणत नाही. या कोठडीत तिचे रूपांतर होते. कोशावस्थेत शिंगाचा उंचवटा, दुमडलेले पाय, पंखांच्या लहान घड्या हे सारे स्पष्ट दिसते. जणू मेणात कोरलेला भुंगा. तीन-चार आठवड्यांनी त्यातून भुंगा निघतो. पण लगेच बाहेर येत नाही. कवच कठीण होऊन रंग भरेपर्यंत तो आणखी दोनतीन आठवडे त्या अंधारकोठडीतच स्वस्थ बसतो. त्यानंतर त्याचे चार-सहा महिन्यांचे प्रौढ आयुष्य सुरू होते.

एका शेंड्याचे झाड

आंबा किंवा वड यांची एक फांदी तुटली, तर दुसरी फुटते. माडाचे तसे नाही. त्याला वाढीचा कोंब एकच. तो गेला, की झाड गेले. नेमका तोच कोंब भुंग्याला हवा असतो. रात्री तो झावळीच्या बेचकीतून आत शिरतो, अजून न उलगडलेली कोवळी सुरळी पोखरतो, तिचा रस पितो आणि चोथा मागे फेकतो. ती सुरळी पुढे उलगडते, तेव्हा झावळीचे दोन्ही अंग कात्रीने तिरपे कापल्यासारखे दिसते. ही कात्री लागलेली झावळी म्हणजे भुंग्याची सही होय. पोय पोखरली गेली, तर तो घड नारळाला मुकतो. मोठा माड असे दोनचार घाव सोसतो. लहान रोप सोसत नाही. आणि भुंग्याने पाडलेल्या भोकातून सोंड्या भुंगा व कोंब कुजविणारी बुरशी आत शिरली, तर मोठा माडही हातचा जातो.

तंजावर जिल्ह्यात या गोष्टीला अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ नावाचे चक्रीवादळ वेदारण्यमच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू या भागांतील लक्षावधी माड त्याने आडवे केले. पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न एका रात्रीत जमिनीवर आले. परंतु वादळाची हानी त्या रात्रीपुरती नसते. आडवे झालेले प्रत्येक खोड तसेच पडून कुजले, तर ते भुंग्याचे बाळंतघर बनते. आणि त्यातून निघालेले भुंगे शेजारी नव्याने लावलेल्या रोपांवर जातात. म्हणून पडलेली खोडे लवकर हलवा, चिरा, वाळवा किंवा भुसा करा, हा उपदेश अशा प्रत्येक वादळानंतर करावा लागतो. नवी रोपे फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. तेवढी वर्षे कळ काढून वाढविलेला कोंब एका रात्रीत पोखरला गेला, तर त्या कुटुंबाचे काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

बरणीतील संगोपन

आता कोणी विचारील, की अशा शत्रूला घरात आणून पाळावयाचे कशाला? उत्तर असे, की ज्याची रीत ठाऊक नाही, त्याचा बंदोबस्त होत नाही. शिवाय अंड्यापासून पंखांपर्यंतचे रूपांतर आपल्या डोळ्यांनी पाहणे, हे मुलांच्या दृष्टीने शंभर पाठांच्या बरोबरीचे आहे. मात्र त्याला नियम हवेत. ते असे :

अळी आपल्याच खतखड्ड्यातील घ्यावी. दुसऱ्या गावाहून आणू नये व दुसऱ्या गावी पाठवू नये. रुंद तोंडाची चार-पाच लिटरांची काचेची बरणी घ्यावी आणि एका बरणीत एकच अळी ठेवावी. दाटीवाटीत त्या एकमेकींना चावून जखमी करतात. बरणीत वीतभर उंचीपर्यंत चांगले मुरलेले शेणखत, कुजक्या लाकडाचा चुरा व पानांचे खत यांचे मिश्रण भरावे. ताजे शेण वापरू नये; ते तापते आणि अळी मरते. जंतांचे औषध नुकतेच दिलेल्या जनावराचे शेणही टाळावे. कारण काही औषधांचा अंश शेणात उतरतो व अळ्यांना बाधतो.

ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण दाबून पाहावे : लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरडे झाल्यास पाणी शिंपडावे. झाकणाला बारीक भोके पाडावी किंवा तोंडाला तारेची जाळी घट्ट बांधावी. फडके बांधू नये, कारण भुंगा ते सहज फाडतो. बरणी सावलीत, घरातील साधारण उष्णतेच्या जागी ठेवावी. महिन्याभराने मिश्रणात लेंड्याच लेंड्या दिसू लागतात. तेव्हा दोनतृतीयांश मिश्रण बदलावे आणि एकतृतीयांश जुने राखावे, म्हणजे पचनाला साह्य करणारे जंतू नव्या अन्नातही उतरतात.

अळी काचेजवळ कोठडी करू लागली, की बरणी हलविणे पूर्ण बंद करावे. कोठडी मोडली, तर पंख वाकडे होऊन भुंगा लुळा निपजतो. बाहेर आलेल्या भुंग्याला पिकल्या केळ्याची चकती द्यावी व ती रोज बदलावी. प्रयोगशाळांतूनही हेच खाद्य देतात. बसावयाला लाकडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाठीवर उलटलेला भुंगा त्याच्या आधाराने सरळ होतो. दोन भुंगे निघाले, तर नर व मादी वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावी. अळी मरून तिच्यावर हिरवी भुकटी धरली, किंवा ती फुगून काचेसारखी पारदर्शक दिसू लागली, तर तो रोग समजावा आणि ती बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी. मुलांनी एक वही करून कात टाकल्याची, खाणे सोडल्याची, कोश झाल्याची तारीख टिपून ठेवावी.

आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. पाळलेला भुंगा सोडावयाचा नाही. मुलांचे मन कोवळे असते. इतके दिवस सांभाळलेला पाहुणा मोकळा करावा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या खिडकीतून उडालेली एक मादी शेजारच्या खड्ड्यात शंभर अंडी घालू शकते. त्याला त्याचे आयुष्य बरणीतच, पण पोटभर अन्नावर, पुरे करू द्यावे. आणि मग डांबरगोळी घातलेल्या पेटीत टाचून तो शाळेला द्यावा. दया म्हणजे केवळ हातातला जीव सोडणे नव्हे. शेजाऱ्याच्या माडाचा विचार करणे हीही दयाच होय.

पाळलेल्या भुंग्याची कामगिरी

ही शिस्त किती मोलाची, ते एका इतिहासावरून कळते. १९०९ साली श्रीलंकेहून पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर रबराची रोपे गेली, आणि त्यांच्या मातीतून गेंड्या भुंगाही गेला. तेथे त्याला आवरणारे कोणी नव्हते. बेटामागून बेट त्याने काबीज केले. पुढे १९६३ साली अलोइस हुगर या जर्मन संशोधकाला मलायात या भुंग्याच्या अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला. १९६७ साली तो सामोआत नेण्यात आला, आणि भुंग्यांची संख्या झपाट्याने उतरली. हा विषाणू माणसाला, गुरांना वा माडाला बाधत नाही. बाधित भुंगा थोडे खातो, थोडे उडतो, लवकर मरतो. आणि मरण्यापूर्वी आपल्या जोडीदारांत व खतखड्ड्यांत रोगाचा प्रसाद वाटून जातो.

आपल्या देशात कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेच्या कायमकुळम केंद्रात या विषाणूवर काम झाले, आणि १९८० च्या दशकात लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर त्याचा प्रयोग यशस्वी ठरला. त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत भुंगे पाळावयाचे, त्यांना बाधा करावयाची आणि हेक्टरी दहा-पंधरा भुंगे सोडावयाचे. सोडण्याचा अधिकार आहे तो या भुंग्यांचा, आणि तोही जाणत्यांच्या हातून. दुसरा सोबती एक हिरवी बुरशी. १८७९ साली मेचनिकॉफ यांनी रशियात ती गव्हावरील एका भुंग्याच्या संदर्भात अभ्यासिली. आज तीच बुरशी खतखड्ड्यांत मिसळून अळ्या मारतात. परंतु निसर्गही स्वस्थ बसत नाही. २००७ साली ग्वाम बेटावर आणि २०१३ साली हवाईत जो भुंगा पोचला, त्याच्या वंशाला जुना विषाणू फारसा बाधत नाही असे आढळले आहे. एका कुंडीची, एका पेटीची बेपर्वाई किती दूरवर जाते, याचा हा पुरावा.

ज्यांच्या परसात माड आहेत, त्यांनी एवढे तरी करावे. खतखड्डा वेळोवेळी उपसावा व अळ्या कोंबड्यांपुढे टाकाव्या. कुजकी खोडे ठेवू नयेत. रोपांच्या वरच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू यांचे मिश्रण वर्षातून तीनदा घालावे, किंवा डांबरगोळ्या ठेवून वाळूने झाकाव्या. भोकातून ताजा चोथा दिसला, तर लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढावा. बागेत एरंडीची पेंड पाण्यात भिजवून मडक्यांतून ठेवल्यास भुंगे त्यात येऊन पडतात. आणि नराच्या गंधद्रव्याची नक्कल करणारे सापळेही आता मिळतात. अधिक माहिती तंजावर भागातील वाचकांना पट्टुक्कोट्टैजवळच्या वेप्पनकुळम येथील नारळ संशोधन केंद्रात, आणि कोकणातील वाचकांना रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील केंद्रात मिळू शकेल.

भुंगा पापी नाही. तो आपल्या धर्माने चालतो. कुजलेले खोड मातीत मिळविणे हे त्याचे सृष्टीतील काम आहे, आणि ते तो इमानाने करतो. आपण त्याच्यापुढे खोडांचे आणि खताचे डोंगर रचले, त्याला कुंड्यांतून समुद्रापार नेले, आणि मग त्याला वैरी म्हटले. त्याला ओळखून त्याच्या पायरीवर ठेवणे, हे काम आपले आहे. आणि त्याचा आरंभ एका काचेच्या बरणीपासून, घरातील मुलांच्या डोळ्यांसमोर होऊ शकतो.